राजीनामा येण्याआधीचे सहा महिने: चांगली माणसं टिकवण्याची आणि घडवण्याची पद्धत

महिन्याची आठ तारीख होती. आदल्याच दिवशी पगार झाला होता. नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात मी तेव्हा प्रॉडक्शन सांभाळत होतो. पहिली पाळी सुटताना व्हीएमसीवरचा (धातूचे पार्ट कापणाऱ्या संगणकी मशीनवरचा) एक ऑपरेटर केबिनच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात चार घड्या घातलेला कागद.

"साहेब, जरा बोलायचं होतं."

मी कागद उघडलाही नाही. म्हणालो, "दोन हजार वाढवून देतो, कागद खिशात ठेव."

"पैशाचं नाही साहेब. तीन वर्षं तोच पार्ट काढतोय."

नंतर कळलं की तो वर्षभर दर रविवारी ठाण्यात याच मशीनच्या प्रोग्रॅमिंगच्या क्लासला जात होता. आमच्याकडे प्रोग्रॅम लिहिणारा एकच माणूस होता. तो रजेवर गेला की नवीन जॉब अडून राहायचे. आणि तेच काम शिकलेला दुसरा माणूस माझ्या केबिनपासून तीस फुटांवर रोज आठ तास उभा असायचा. मला पत्ता नव्हता. महाप्याच्या एका युनिटने त्याला प्रोग्रॅमर म्हणून घेतलं. पगार पंधराशेने जास्त, म्हणजे मी देऊ केले त्यापेक्षा पाचशे कमी.

माणूस राजीनामा देतो त्या दिवशी जात नाही. तो सहा महिने आधीच मनाने गेलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याचं शिकणं जिथे थांबलं तिथूनच त्याचं जाणं सुरू होतं. त्यामुळे टिकवणं आणि घडवणं ही मी दोन कामं मानत नाही. पुढची पद्धत मी अशा चुकांमधूनच बसवली आहे.

आपल्या ठाणे–नवी मुंबईच्या पट्ट्यात ही गोष्ट जास्त जपावी लागते, त्याला कारण आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, सुरुवात वागळे इस्टेटपासून झाली, आणि पुढे ठाणे–बेलापूर रस्त्याच्या कडेने दिघ्यापासून नेरूळपर्यंत कारखाने उभे राहिले. नंतर त्यांच्या शेजारी आयटी पार्क आले. इथे नोकरी बदलताना घर बदलत नाही, मुलांची शाळा बदलत नाही, ठाणे–वाशी पास असेल तर तोही बदलत नाही. रबाळ्याऐवजी घणसोलीला उतरायचं, एवढाच फरक. माणसाला धरून ठेवणारी बाहेरची कुठलीच गोष्ट नाही. जे काही आहे ते गेटच्या आत.

पायरी पहिली: गेलेल्यांची वही काढा

गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्या प्रत्येकाचं नाव एका कागदावर लिहा. समोर रकाने करा: किती दिवस टिकला, कुठल्या महिन्यात गेला, कुठल्या सुपरवायझरच्या हाताखाली होता, राहायला कुठे होता. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: शेवटच्या सहा महिन्यांत आपण त्याला नवीन काय शिकवलं. हा रकाना भरताना पेन अडतं. माझं तर पहिल्या पानावर अकरापैकी नऊ जणांपुढे अडलं होतं.

आता कागद नीट वाचा. तीन महिन्यांच्या आत गेलेले जास्त असतील तर दोष भरतीत किंवा सुरुवातीच्या दिवसांत आहे. मुलाखतीत एक सांगितलं आणि मशीनवर दुसरं निघालं, असं झालेलं असतं. दोन ते चार वर्षांनी जाणारे जास्त असतील तर पुढची वाट दिसत नाही म्हणून जातात. आणि एकाच सुपरवायझरचं नाव पाचदा आलं, तर आधी त्याच्याशी बसा.

मालकाला पटवायचं असेल तर पैशात मांडा. समजा, ऑपरेटरचा पगार २८,००० आहे. एजन्सीमार्फत माणूस घेतला तर तिची फी साधारणपणे वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार: २८,०००. नवीन माणूस पहिले दोन महिने अर्ध्या वेगाने चालला तर आणखी एका पगाराएवढं नुकसान. त्याला शिकवणाऱ्याचा वेळ आणि वाढलेलं रिजेक्शन अजून धरलेलंच नाही. छप्पन्न हजार तर इथेच झाले. हा आकडा आपल्या युनिटच्या पगारावर करून ठेवा. प्रशिक्षणाला पैसे मागताना उपयोगी पडतो.

पायरी दुसरी: पहिले नव्वद दिवस

नवीन माणूस पहिल्या दिवशी काय पाहतो? बहुतेक ठिकाणी टाइम ऑफिसच्या बाकड्यावर दोन तास बसतो, मग कुणीतरी येऊन "याला लाइनवर घ्या" म्हणतं. बूट मिळायला आठवडा, कार्ड मिळायला पंधरा दिवस. जेवायच्या सुट्टीत कुणाबरोबर बसायचं हेही कुणी सांगत नाही.

एक सोबती नेमून द्या. सुपरवायझर नको, त्याच्याच कामाचा, वर्षा-दोन वर्षांचा अनुभवी माणूस हवा. लॉकर, कॅन्टीन, सुट्टीचा अर्ज कुणाकडे द्यायचा, स्टेशनपासून शेअर रिक्षा कुठे मिळते, हे सगळं त्याने सांगायचं. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) जोडला गेला का, आणि पगार २१,००० च्या मर्यादेत असेल तर ईएसआयसीत (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) नाव लागलं का, हे मात्र मॅनेजरने पहिल्याच महिन्यात स्वतः विचारावं. बायको बाळंतपणाला आलेली असताना कार्डच निघालेलं नाही असं कळलं, तर त्या माणसाचा विश्वास परत मिळत नाही.

सातव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी दहा मिनिटं बोला. प्रश्न एकच पुरतो: "मुलाखतीत सांगितलं होतं त्यापेक्षा इथे वेगळं काय निघालं?"

पायरी तिसरी: पैशाचा हिशोब उघडा ठेवा

पगाराने माणूस खूश होऊन राहत नाही, पण पगारात खोट दिसली की निघून जातो. पगार सात तारखेच्या आत झालाच पाहिजे. पगाराची चिठ्ठी वाचता आली पाहिजे. सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांतला फरक नेमणुकीआधी कागदावर मांडून दाखवा, पीएफ किती कापला जाईल तेही.

खरं दुखणं वेगळंच असतं. पाच वर्षांच्या जुन्या माणसाला २६,००० आणि परवा आलेल्याला २८,००० , कारण बाजारभाव वाढला. ही गोष्ट लपत नाही, चहाच्या टपरीवर दोन दिवसांत फुटते. म्हणून वर्षातून एकदा, अप्रेझलच्या दोन महिने आधी, एकाच कामावरच्या सगळ्यांचे पगार शेजारी-शेजारी मांडा आणि जुन्यांची तफावत त्यांनी मागायच्या आत भरून काढा. मागितल्यावर दिलेली वाढ माणूस हक्क म्हणून घेतो. न मागता दिलेली लक्षात ठेवतो.

ग्रॅच्युइटीही समजावून सांगा. कायम कामगाराला पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर ती मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल, तर वर्षाचे १५ दिवस, २६ दिवसांचा महिना धरून, एका वर्षाचे १५,००० आणि पाच वर्षांचे ७५,००० होतात. सव्वाचार वर्षं झालेल्या माणसाला हा हिशोब माहीत असायला हवा. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्यांना २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एक वर्षानंतरच प्रमाणात ग्रॅच्युइटी लागू होते. हेही त्यांना आपणच सांगावं.

पायरी चौथी: त्याचा प्रवास समजून घ्या

बदलापूर, टिटवाळा, डोंबिवली, मुंब्रा, पनवेल, घोडबंदर रोड. तुमची माणसं कुठून येतात त्याची यादी करा. बदलापूरचा माणूस आधी ठाण्यापर्यंत उभा येतो, गर्दीतून पूल चढून नऊ-दहा नंबरवर जातो, वाशी लोकल पकडतो, मग रबाळ्याला उतरून रिक्षाच्या रांगेत. त्याने सात मिनिटं उशिरा पंच केलं म्हणून अर्धा दिवस कापायचा, आणि संध्याकाळी दोन तास जास्त थांबवायचं, हे एकाच दिवशी होतं तेव्हा तो मोबाइलवर नोकऱ्या बघायला लागतो.

मी दोन नियम केले होते. उशिराची सवलत रोजची नाही, महिन्याची: महिन्याला मिळून साठ मिनिटं. आणि ओव्हरटाइम त्याच दिवशी सांगायचा तर दुपारी दोनच्या आत, नाहीतर दुसऱ्या दिवशी. कारखान्यात ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण साडेचारला सांगितलेल्या ओव्हरटाइमचे दुप्पट पैसेही माणसाला नकोसे वाटतात. मुलाला क्लासमधून आणायचं कुणी, हे त्याला ऐनवेळी ठरवावं लागतं. डिस्पॅचवाल्यांनी सुरुवातीला कुरकुर केली. मग त्यांचंच नियोजन सुधारलं.

जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हा त्या बाजूच्या युनिटांना काहीही न करता एक सोय मिळाली. अशी संधी आली की पाळीची वेळ पुन्हा एकदा गाड्यांशी जुळवून बघा. जुलैत रुळांवर पाणी आलं की काय करायचं, हे जूनमध्येच लिहून नोटीस बोर्डावर लावा.

पायरी पाचवी: पंधरा दिवसांतून वीस मिनिटं

सगळ्या पायऱ्यांमधून एकच उचलायची असेल तर ही उचला.

थेट हाताखालच्या प्रत्येक माणसाशी पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटं एकट्याने बोला. आठ जण असतील तर पंधरवड्याला तीन तासही होत नाहीत. सुपरवायझरांनी आपापल्या माणसांशी निदान महिन्यातून एकदा. केबिनमध्ये बोलावू नका. केबिनमध्ये बोलावलं की माणूस आपलं काय चुकलं याचा विचार करत येतो. कॅन्टीन रिकामं असतं त्या वेळी बसा, किंवा शेडच्या मागे चालत बोला. टार्गेट आणि डिस्पॅच हे विषय काढायचे नाहीत, त्यांच्यासाठी सकाळची मीटिंग आहे.

विचारायचं काय? "गेल्या पंधरा दिवसांत कुठे अडलात?" "कुठलं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही?" "माझ्याकडून काय राहिलंय?" आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा, "इथलं कुठलं काम शिकावंसं वाटतं?" मग गप्प बसायचं. मॅनेजर लोकांना हेच सगळ्यात अवघड जातं. समोरचा पाच सेकंद थांबला की आपण बोलायला लागतो.

आमच्या इन्स्पेक्शनमध्ये एक ताई होत्या. पहिल्या तीन भेटींत त्यांचं उत्तर एकच: "सगळं ठीक आहे सर." चौथ्या वेळी उठता-उठता म्हणाल्या, "ते डिजिटल व्हर्निअर शून्यावर येत नाही. दर वेळी दोनदा मोजावं लागतं. तीनदा सांगितलंय." मी वहीत लिहिलं आणि चार दिवसांत नवीन व्हर्निअर, कॅलिब्रेशनच्या सर्टिफिकेटसकट, त्यांच्या टेबलावर ठेवलं. पुढच्या भेटीत त्या स्वतःहून बोलल्या. त्यांना इंटर्नल ऑडिट शिकायचं होतं. बीएस्सी झालेल्या होत्या, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वर्षाने आमच्या कस्टमर ऑडिटची अर्धी तयारी त्या करत होत्या. व्हर्निअर आलं नसतं तर ऑडिटची गोष्ट त्यांनी मला कधीच सांगितली नसती. माणूस आधी लहान गोष्ट सांगून बघतो, तिचं काय होतं ते पाहतो, आणि मग मोठी सांगतो.

म्हणून वही ठेवा. कुणी काय सांगितलं, मी काय कबूल केलं, कुठल्या तारखेपर्यंत. पुढची भेट त्या ओळीपासून सुरू करा. जमणार नसेल तर "जमणार नाही, कारण असं आहे" हे स्पष्ट सांगा. "बघू" म्हणू नका. त्या शब्दाचा अर्थ कामगाराला आपल्यापेक्षा चांगला कळतो.

याच भेटींत धोक्याची खूणही दिसते. रजा वाढल्या, फोन घेऊन बाहेर जायला लागला, या उशिराच्या खुणा. लवकरची खूण म्हणजे भांडणं बंद होतात. जो माणूस फिक्स्चर (पार्ट धरायचा साचा) चुकीचं बनवलंय म्हणून टूलरूमशी वाद घालायचा, तो अचानक "ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं" म्हणायला लागतो. अशा माणसाशी त्याच आठवड्यात बसा.

पायरी सहावी: शिकवण्याची घडी बसवा

एक मोठा तक्ता करा. डावीकडे नावं, वर कामं: सेटिंग, ऑफसेट, प्रोग्रॅमिंग, सीएमएम (पार्ट मोजायचं मशीन), पॅकिंगचे कागद, जे असेल ते. प्रत्येक चौकोनात चार भागांचं एक वर्तुळ. एक भाग भरला म्हणजे काम पाहिलंय. दोन म्हणजे कुणी सोबत असताना करतो. तीन म्हणजे एकटा करतो. चारही भरले म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. तक्ता ऑफिसात नको, शॉप फ्लोअरवर लावा. नियम असा, की प्रत्येकाच्या ओळीत दर तीन महिन्यांनी निदान एक भाग नवीन भरला गेला पाहिजे. ज्याच्या ओळीत सहा महिने काहीच हललं नाही, तो तुमचा पुढचा राजीनामा. तो तक्ता माझ्याकडे तेव्हा असता, तर त्या ऑपरेटरची ओळ तीन वर्षं जशीच्या तशी दिसली असती. रविवारच्या क्लासबद्दल मी त्याला विचारलं तरी असतं.

आता शिकवायचं कसं. "त्याच्याबरोबर उभा राहा, बघून शिकशील" हे शिकवणं नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अनुभवी हात सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवी माणसं भराभर तयार करावी लागली, तेव्हा सुपरवायझरांसाठी शिकवण्याची चार टप्प्यांची रीत बसवली गेली. पुढे ती जपानी कारखान्यांनी मनापासून उचलली. तयारी, दाखवणं, करून घेणं, पाठपुरावा. व्हीएमसीवर टूल बदलल्यावर लेंग्थ ऑफसेट घ्यायला, म्हणजे नव्या टूलची लांबी मशीनला सांगायला, शिकवायचं आहे असं धरा.

तयारी: त्याला काय येतं ते आधी विचारा आणि हे काम कशासाठी ते सांगा. दाखवणं: एक-एक कृती, हळू, आणि प्रत्येक नाजूक जागेचं कारण. ऑफसेटच्या पानावर आकडा भरताना एच नंबर (लांबी भरायच्या जागेचा नंबर) टूलचाच आहे ना, हे बोट ठेवून बघायचं. का? चुकीच्या नंबरात भरला तर टूल थेट पार्ट धरणाऱ्या वाइसवर आदळेल. करून घेणं: आता तो करेल आणि करताना तोंडाने सांगेल. "पहिला तुकडा सिंगल ब्लॉकवर, रॅपिड पंचवीस टक्क्यांवर, कारण..." म्हणजे प्रोग्रॅमची एक-एक ओळ थांबवत आणि मशीनची जलद चाल कमी ठेवून. हे 'कारण' त्याच्या तोंडून आलं पाहिजे. आलं नाही तर पुन्हा दाखवा. पाठपुरावा: त्याला एकट्याला सोडा, अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव सांगा, पहिल्या दिवशी तीनदा जाऊन बघा, मग कमी करत जा. या पद्धतीचं एक ब्रीद होतं: कामगार शिकला नाही, तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही. मी ते माझ्या सुपरवायझरांच्या टेबलावर लावलं होतं.

शिकवण्याला वेळ पाळीच्या आत द्या. आठवड्यातून दोन तास मशीन शिकवण्यासाठी राखून ठेवलं तर महिन्याला आठ-नऊ तासांचं उत्पादन जातं. ते नियोजनात आधीच वजा करा. नाहीतर महिनाअखेरीला पहिला बळी याच तासांचा जातो.

एक चूक सगळीकडे दिसते. चांगल्या माणसाला जास्त काम मिळतं, मोठं काम मिळत नाही. जो अडीचशे नग काढतो त्याला तीनशे दिले, त्यात तो घडला नाही, दमला. मोठं काम म्हणजे ज्यात निर्णय त्याचा असतो. टूलला लावायचं नवीन इन्सर्ट (कापणारं पातं) कुठलं वापरायचं हे सप्लायरशी त्यालाच बोलू द्या. कस्टमर आला की त्याच्या पार्टची माहिती त्यालाच देऊ द्या.

आणि वर जायच्या वाटा दोन ठेवा. उत्तम ऑपरेटरला सुपरवायझर केलं की आपण एक चांगला कारागीर गमावतो आणि अनेकदा एक दुःखी सुपरवायझर मिळवतो. ज्याला माणसं सांभाळायची आवड नाही, त्याला सीनियर सेटर, मग प्रोग्रॅमर, मग प्रोसेस एक्स्पर्ट, अशी वाट हवी आणि त्या वाटेवरचा पगार सुपरवायझरच्या बरोबरीने चढला पाहिजे.

अप्रेंटिसांचाही इथे उपयोग आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. बरेच जण त्यांना स्वस्त हात म्हणून राबवतात. त्याऐवजी आयटीआयचं एक-एक पोर एकेका जुन्या माणसाला विद्यार्थी म्हणून सोपवा. वीस वर्षं मुकाट काम केलेला माणूस शिकवायला लागला की त्याची चालच बदलते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ऐरोली-महाप्याच्या आयटी ऑफिसांतही घडी हीच, फक्त अडचण वेगळी. तिथे चांगला माणूस एका क्लायंटच्या प्रोजेक्टमध्ये अडकतो आणि मॅनेजर त्याला सोडत नाही. दीड-दोन वर्षांनी प्रोजेक्ट बदलून मिळेल, ही तारीख नेमणुकीच्या वेळीच ठरवा आणि पाळा.

पायरी सातवी: तरीही राजीनामा आला तर

पगार वाढवून थांबवू नका. थांबलेला माणूस बहुधा वर्षभरात जातोच, आणि बाकीच्यांना कळतं की इथे कागद टाकल्याशिवाय पैसे वाढत नाहीत. त्या दिवशी फक्त ऐका. खरी गोष्ट विचारायची असेल तर शेवटच्या दिवशी विचारा, किंवा दोन महिन्यांनी फोन करून. तेव्हा त्याला भीती नसते.

नोटीस पिरियडमध्ये त्याच्याशी बोलणं तोडू नका. त्याच्याकडून कामाच्या खाचाखोचा लिहून घ्या, एका माणसाला सोबत द्या. वेतन संहितेप्रमाणे देय पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. अनुभवाचं पत्र त्याच दिवशी हातात द्या. आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरा. ही तारीख भरली नाही म्हणून हेलपाटे घालणारी कितीतरी माणसं मला भेटली आहेत. ते हेलपाटे घालणारा माणूस आपल्या कारखान्याबद्दल ट्रेनमध्ये काय बोलत असेल, याचा विचार करा.

खंडेनवमीला मशीनची पूजा असते तेव्हा सोडून गेलेल्यांनाही बोलावतो. प्रत्येकाला मेसेज नाही, फोन करतो. सगळे येत नाहीत, सहा-सात येतात. गेल्या वर्षी तो व्हीएमसीवाला आला होता. त्याने त्याच्या जुन्या मशीनला हार घातला, पेढा खाल्ला, माझ्या हाताखालच्या नव्या पोराला प्रोग्रॅममधली एक चूक दाखवली. निघताना गेटपाशी थांबला.

"साहेब, फाइव्ह ॲक्सिस मशीन घेताय म्हणे?"

"घेतोय. डिसेंबरात येईल."

"त्यावर कोण बसणार, ठरलंय का?"